स्त्रियांचें गिरिभ्रमण

आमच्या हिंगोली जिल्ह्यांत डोंगर आहेत असें म्हटलें म्हणजे पुण्यासाताऱ्याकडील वाचकांस हंसूं येईल. ज्यांच्या दाराशीं सह्याद्रीचे कडे उभे, त्यांस आमच्या टेकड्या म्हणजे शेताचे थोर बांधच वाटावयाचे. तथापि अजिंठ्याच्या रांगेचे जे फांटे पूर्वेकडे सखल होत गेले आहेत, त्यांपैकीं कांहीं आमच्या जिल्ह्यांतून जातात. औंढा नागनाथाचें प्रसिद्ध देऊळ अशाच टेकड्यांच्या कुशींत आहे, आणि पावसाळ्याच्या अखेरीस तेथील सागाचें व पळसाचें रान पाहिलें तर डोळ्यांचें पारणें फिटतें. हा मुलूख इतका शांत कीं, विश्वाच्या दूरच्या कोपऱ्यांतून येणाऱ्या गुरुत्वलहरींचा वेध घेणारी लायगो ही प्रचंड वेधशाळा औंढ्याजवळच उभारण्यास केंद्रसरकारनें इ. स. २०२३ मध्यें मंजुरी दिली. परंतु या लेखाचा विषय ज्योतिर्लिंग नव्हे व वेधशाळाहि नव्हे. आमच्या गांवांतील एकोणीस स्त्रिया एका जाणत्या मार्गदर्शिकेच्या हाताखालीं याच टेकड्यांवर चालावयास शिकल्या व पुढें महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखराच्या वाटेस लागल्या. त्यांत आमच्या घरच्या तिघी होत्या. त्या खटाटोपाची हकीकत, व तिच्या अनुषंगानें सुचलेले कांहीं विचार, वाचकांपुढें ठेवावे असें आम्हांस वाटतें.

आमच्याकडील स्त्रिया डोंगर चढत नाहींत असें मात्र कोणीं समजूं नये. तांड्यांवरील बंजारा स्त्रिया व रानालगतच्या गांवांतील मजूर बाया जळणाच्या मोळ्या डोईवर घेऊन ज्या वाटा उतरतात, त्या वाटांवर आमच्यासारख्या खुर्चींत आयुष्य घालविलेल्या पंतोजीस काठी टेकूनहि नीट उभें राहतां येणार नाहीं. वारीचें तर काय सांगावें? शेगांवहून निघणारी श्रीगजाननमहाराजांची पालखी दर आषाढीस आमच्याच जिल्ह्यांतून पंढरीस जाते. तिकडे आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या सोहळ्यांत डोईवर तुळशीवृंदावन घेतलेल्या साठीसत्तरीच्या बाया सुमारें अडीचशें किलोमीटर चालतात. दिवेघाटाच्या चढणीवर त्यांस अडवून, "बाई, तुझे गुडघे कसे आहेत? घरीं स्वयंपाक कोण करतें?" असें विचारणारा मनुष्य आम्हीं अद्याप पाहिला नाहीं.

अडचण येते ती निमित्तापाशीं. स्त्री देवासाठीं चालली तर ती पुण्यवान्, जळणपाण्यासाठीं चालली तर कष्टाळू, आणि लेंकरासाठीं चालली तर धन्य. रायगडावरील हिरकणीची कथा आम्हीं वर्गांत पुष्कळदां सांगितली आहे. सायंकाळीं गडाचे दरवाजे बंद झाले, घरीं तान्हें मूल, म्हणून ती गवळण रात्रीं कडा उतरून गेली, हें सांगतांना मुलांचे डोळे पाणावत, आणि आमचाहि आवाज थोडा बसे. परंतु तीच गवळण, कडा उतरून पाहण्याची हौस वाटली म्हणून उतरली असती, तर तिच्या नांवाचा बुरुज झाला असता काय? बहुधा तिची नालस्तीच झाली असती. केवळ चालण्यासाठीं चालणें, वर काय आहे तें पाहण्यासाठीं वर जाणें, एवढेंच कारण घेऊन घराबाहेर पडलेली स्त्री आपल्या समाजास अजून नीट ओळखतां येत नाहीं.

ही गोष्ट आजकालची आहे असेंहि नाहीं. कुमारसंभव वाचलेल्यांस स्मरेल कीं, पार्वती तपाकरितां डोंगरावर जावयास निघते तेव्हां तिची माता मेना तिला परोपरीनें अडविते. "उ, मा", म्हणजे "अगे, नको", असें आई म्हणाली म्हणून मुलीचें नांवच उमा पडलें, असें कविकुलगुरु सांगतात. पर्वताचीच मुलगी ती, पण तिलाहि पर्वतावर जाण्यास नकारच ऐकावा लागला! पुढें ती सखीच्या मुखानें पित्याची अनुज्ञा मागते, आणि हिमालय ती आनंदानें देतो. एकत्र कुटुंबांत कोणती गोष्ट कोणाच्या तोंडून कोणापुढें मांडावी, याचें ज्ञान कालिदासास पुरतें होतें असें यावरून दिसतें.

आमच्या घरींहि सखीच्या मुखानेंच प्रारंभ झाला. आमच्या घरांत लहानमोठीं अकरा माणसें. धाकट्या सूनबाईंनीं, वय वर्षे २९, हा बेत प्रथम आमच्या सौभाग्यवतींच्या कानीं घातला, सौभाग्यवतींनीं तो जेवणाच्या पानावर आमच्यापुढें मांडला, आणि आम्ही होकार देत आहों असें दिसतांच आमच्या थोरल्या वहिनी भाकरी थापतां थापतां म्हणाल्या, "मग मीहि येतें." वहिनींचें वय ६७. बारा वर्षांपूर्वीं आमचे बंधु निवर्तले, तेव्हांपासून त्यांचा प्रवास म्हणजे पंढरपूर व नांदेडचें इस्पितळ, या दोन ठिकाणांपलीकडे झालेला नाहीं. त्या क्षणापर्यंत जो बेत सर्वांस बरा वाटत होता, तो एकदम अवघड झाला. एका चुलतबंधूंनीं गुडघ्यांचा प्रश्न काढला, दुसऱ्यांनीं "लोक काय म्हणतील" हें काढलें, आणि थोरल्या चिरंजीवांनीं दोन दिवस स्वयंपाक कोण करील हें विचारलें. शेवटचा प्रश्न सर्वांत प्रामाणिक होता. त्याचें उत्तर म्हणून तें काम चिरंजीवांकडेच सोंपविण्यांत आलें. त्या दोन दिवसांत घरच्यांनीं चार वेळां खिचडी खाल्ली, व कोणाच्याहि प्रकृतीस अपाय झाला नाहीं.

"लोक काय म्हणतील" याविषयीं एक उदाहरण येथें देण्याजोगें आहे. एव्हरेस्टच्या माथ्यावर पाऊल ठेवणारी पहिली स्त्री म्हणजे जपानची जुन्को ताबेई. ता. १६ मे १९७५ रोजीं ती आंग त्सेरिंग या शेर्पा वाटाड्यासह शिखरावर पोंचली. तेव्हां तिचें वय ३५ होतें व घरीं लहान मुलगी होती. तुम्हीं घरीं बसून मुलें सांभाळावीं, असें तिला व तिच्या सोबतिणींस मदत मागावयास गेल्या असतां स्पष्ट ऐकविण्यांत आलें होतें. पैसा अपुरा पडला तेव्हां त्या बायांनीं मोटारीच्या बैठकीचीं जुनीं आवरणें कापून त्यांचीं हातमोज्यांवरचीं जलरोधक आच्छादनें शिवलीं. ज्यांनीं जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवल्या आहेत, त्या आमच्या वाचकभगिनींस या उद्योगाची किंमत वेगळी सांगावयास नको. वहिनींच्या वयाचेंहि उदाहरण आपल्या देशांत आहे. भारताची पहिली एव्हरेस्टविजेती बचेंद्री पाल हिनें इ. स. २०२२ मध्यें पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांचें पथक घेऊन अरुणाचलापासून कारगिलपर्यंत हिमालयाच्या अंगाखांद्यावरून साडेचार हजार किलोमीटरांहून अधिक मजल सुमारें पांच महिन्यांत मारली. ती स्वतः तेव्हां ६७ वर्षांची होती.

आतां मार्गदर्शिकेविषयीं. या बाई व्यायामशिक्षिका आहेत. नांव छापूं नये अशी त्यांची इच्छा असल्यामुळें आम्हीं तें दिलेलें नाहीं. त्यांची रीति आम्हांस फार आवडली. डोंगराचें नांव काढण्यापूर्वींच त्यांनीं सर्व स्त्रियांस रक्त तपासून आणावयास सांगितलें. पुष्कळींस हें विचित्र वाटलें. परंतु २०१९ ते २१ या कालांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें आपल्या महाराष्ट्रांत १५ ते ४९ या वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा ५४ स्त्रियांस रक्तक्षय आहे. रक्तांतील हिमोग्लोबीन कमी असलें म्हणजे स्नायूंस प्राणवायु पुरत नाहीं, व पहिल्या चढणीसच छातीचा भाता होतो. अशा बाईस आपण "नाजूक" म्हणतों, "सवय नाहीं" म्हणतों, आणि तीहि तसेंच समजून घरीं बसते. वस्तुतः तिला औषध पाहिजे असतें. एकोणिसांपैकीं सात जणींचें रक्त कमी निघालें. त्यांत आमच्या सूनबाई होत्या, व वहिनी नव्हत्या! डॉक्टरांच्या सल्ल्यानें लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि खरी चढण तीन महिने पुढें ढकलण्यांत आली. एवढ्या एका गोष्टीकरितांहि हा खटाटोप आम्हीं सार्थ मानला असता.

त्या तीन महिन्यांत दर रविवारीं पहाटे मंडळी औंढ्याच्या बाजूस जाई. प्रथम एक तास, मग दोन, पुढें चार. चालण्याचे नियम थोडेच, पण कडक होते. चालतां चालतां बोलतां आलें पाहिजे. बोलणें तुटूं लागलें कीं गति कमी करावयाची. सर्वांत हळू चालणारी बाई रांगेंत दुसरी, मार्गदर्शिकेच्या लगेच मागें. म्हणजे सारी रांग आपोआप तिच्या पावलानें चालते. ती शेवटीं असली तर तिला विश्रांति कधींच मिळत नाहीं, कारण ती येऊन पोंचते तोंच पुढच्यांची विश्रांति संपून त्या उठतात. आम्हीं चाळीस वर्षें शाळेच्या सहली नेल्या व नेलेल्या पाहिल्या. त्यांत लंगडा मुलगा नेहमीं शेवटीं असे. शिवाय प्रत्येक बाईस एक जोडीदारीण नेमून दिली होती, व परत फिरण्याची वेळ आली तर जोडीनेंच फिरावयाचें, एकटीनें कोणीं मागें राहावयाचें नाहीं, असें ठरलें होतें. वहिनींची जोडी सूनबाईंशीं लागली.

वेषाविषयीं दोन शब्द. तरुण मुलींनीं सलवार घातली, कांहीं जणी पाटलोणींत होत्या; वहिनी व सौभाग्यवती नऊवारींत गेल्या, आणि कांसोटा घातलेली बाई पाचवारी नेसणाऱ्या बाईपेक्षां किती सुखानें चढते, हें पाहून त्या मुलीच चकित झाल्या. लूसी वॉकर या इंग्रज बाईनें इ. स. १८७१ मध्यें आल्प्समधील मॅटरहॉर्न हें भयंकर शिखर सर केलें तें घोळदार झग्यानिशीं. तिला कांसोट्याची युक्ति कोणीं सांगितली असती तर बरें झालें असतें. चपला मात्र एकजात बाद करून रबरी तळाचे बूट सर्वांस घ्यावयास लाविले.

दुसरा विषय संकोचाचा आहे, परंतु कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या मासिकांत तो लिहिला नाहीं तर कोठें लिहावा? प्रवासांत आडोसा मिळणार नाहीं या भीतीनें आपल्या स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहींत. त्यामुळें पायांत गोळे येतात, डोकें दुखतें, आणि पुढें मूत्रमार्गाचे विकार जडतात. मार्गदर्शिकाबाईंनीं पहिल्याच रविवारीं दोन जुन्या साड्या व चार बांबू बरोबर घेतले, वाटेंत आडोसा उभा केला, आणि प्रत्येकीनें दर अर्ध्या तासानें पाणी प्यालेंच पाहिजे असा नियम केला. ज्या पुरुषांच्या हातीं यात्रास्थानांची व्यवस्था आहे, त्यांनीं ही साड्यांची व बांबूंची गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां कळसूबाई. अकोले तालुक्यांतील हें शिखर १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट उंच असून महाराष्ट्रांत त्याहून उंच दुसरें नाहीं. हिंगोलीची उंची दीड हजार फुटांच्या आसपास आहे हें लक्षांत घेतलें म्हणजे आमच्या मंडळींस तें किती उंच वाटलें असेल याची कल्पना येईल. कोजागिरी उलटल्यावर, नवरात्राची गर्दी ओसरलेली व आकाश निवळलेलें पाहून, एक लहान मोटारबस भाड्यानें ठरविली, आणि जालना, संभाजीनगर, सिन्नर, घोटी या मार्गानें रात्रभर प्रवास करून मंडळी पायथ्याच्या बारी गांवीं उतरली. सामान राखण्याच्या कामीं आमची नेमणूक झाली होती. आम्ही पायथ्याशींच राहिलों. तेव्हां पुढील वर्णन तिघींच्या तोंडून ऐकलेलें आहे, व तिघींची एकवाक्यता जेथें नाहीं तेथें आम्हीं वहिनींचें ग्राह्य धरलें आहे.

तो दिवस विश्रांतीचा होता. सायंकाळीं भाताच्या खाचरांच्या कडेला बसून मंडळींनीं कळसूची कथा ऐकली. ती इंग्रजी अमदानींतील मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतहि नमूद आहे. कळसू ही एक कोळ्याची मुलगी. तिला रानांत भटकण्याची आवड. ती फिरत फिरत डोंगराखालच्या इंदोरे गांवीं आली व एका कोळी कुटुंबांत कामास राहिली. तिची अट एकच होती: भांडीं घासणार नाहीं व केर काढणार नाहीं. बरेच दिवस सुरळीत गेले. एके दिवशीं घरांतील कोणीतरी तिला भांडीं घासावयास व केरकचरा काढावयास सांगितलें. तिनें तें मुकाट्यानें केलें, आणि लगेच डोंगर चढून गेली ती परत आलीच नाहीं. मरेपर्यंत शिखरावर राहिली. जेथें भांडीं घासलीं ती जागा थाळेमेळ, व जेथें केर टाकला ती काळदरा, असें लोक दाखवितात.

या कथेंत राक्षस नाहीं, वर नाहीं, शाप नाहीं. कळसू भांडली नाहीं, सांगितलेलें काम टाकलेंहि नाहीं; ठरलेला शब्द दुसऱ्यानें मोडला, एवढेंच तिनें पाहिलें. हिरकणीस खालीं उतरावयास मूल होतें. कळसूस वर जावयास कोणाचेंच निमित्त नव्हतें. आणि तरीहि आसपासच्या गांवांनीं तिला देवी मानिलें, माथ्यावर तिचें देऊळ बांधिलें, व नवरात्रांत तिच्या दर्शनास पिढ्यान्‌पिढ्या स्त्रीपुरुषांचे थवे जात आले. आपल्या पुराणांतील विस्तीर्ण माहात्म्यें आम्हीं पुष्कळ वाचलीं आहेत, पण या चार ओळींच्या कथेइतकें मनांत रुतून बसलेलें माहात्म्य थोडेंच असेल. कथा संपल्यावर तरुण मुली हंसल्या. चाळिशीच्या पुढच्या कोणी हंसल्या नाहींत, असें सौभाग्यवती सांगतात.

दुसरे दिवशीं पहाटे साडेपांचास मंडळी निघाली. पुढें मार्गदर्शिकाबाई, मागें वहिनी, आणि सर्वांच्या शेवटीं बारी गांवची एक बाई. या बाईचें चहाचें पाल वरच्या अंगास, दुसऱ्या शिडीच्या खालीं आहे. सुटीच्या दिवसांत ती रोज डोईवर दुधाचें व पाण्याचें ओझें घेऊन, साध्या चपलांनिशीं, दोन तासांत तेथवर जाते. आमच्या मंडळींस तितक्याच वाटेला जवळजवळ चार तास लागले. ज्या चढणीकरितां आम्हीं तीन महिने गोळ्या व बूट व नियम यांची सिद्धता केली, ती कोणा एकीच्या पोटाची रोजची वाट आहे, हें आमच्या शिकलेल्या स्त्रियांनीं डोळ्यांनीं पाहिलें, हें फार बरें झालें. सूनबाईंनीं तिचें ओझें घेऊं पाहिलें तेव्हां तिनें दिलें नाहीं. "तुमची रांग मोडंल," म्हणाली.

पूर्वीं या डोंगरावर अवघड जागीं सांखळ्या धरून चढावें लागे. आतां तेथें लोखंडी शिड्या ठोकल्या आहेत. पहिली शिडी वहिनी सहज चढल्या. दुसऱ्या शिडीवर आठदहा पायऱ्या गेल्यावर त्यांची दृष्टि दोन पायऱ्यांच्या मधील फटींतून खालीं गेली, आणि तेथेंच त्या थिजल्या. दोन्ही हात कठड्यास घट्ट, डोळे मिटलेले, पाय वरहि उचलेना व खालींहि उतरेना. खालीं परगांवच्या तरुणांची रांग खोळंबली होती, त्यांतून एकानें "आजींना कशाला आणलें?" असा शेरा मारला. मार्गदर्शिकाबाईंनीं हात वर करून रांग थोपविली, स्वतः वहिनींच्या खालच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या, आणि "भिऊं नका" हा निरुपयोगी शब्द न उच्चारतां विचारलें, "काकू, रोज सकाळीं काय म्हणतां?" वहिनी डोळे न उघडतां म्हणाल्या, "विष्णुसहस्रनाम." "मग म्हणा. एक नांव, एक पायरी." त्याप्रमाणें वहिनी मोठ्यानें एकेक नांव घेत, पाठमोऱ्याच, एकेक पायरी खालीं उतरल्या. रांगेंतील तरुणांनीं वाट करून दिली, आणि शेरा मारणाऱ्यानेंच शेवटच्या पायरीशीं हात पुढें केला. सहस्रांपैकीं दहाबारा नांवांतच काम भागलें.

खरा पेंच यानंतर पडला. नियमाप्रमाणें वहिनींबरोबर सूनबाईंनीं थांबावयाचें. सूनबाईंनींच हा बेत प्रथम मनांत आणला, त्यांनींच तो घरीं पार पाडला, रक्त कमी निघालें म्हणून तीन महिने गोळ्या घेतल्या. आणि शिखर तेथून तासाभराच्या वाटेवर राहिलें होतें. त्या कांहीं न बोलतां पाठीवरची पिशवी उतरूं लागल्या. तेव्हां वहिनी म्हणाल्या, "तूं माझ्यासाठीं थांबूं नकोस. मी जन्मभर दुसऱ्यांसाठीं थांबत आलें. त्यांत काय मिळतें तें मला ठाऊक आहे." हें वाक्य सौभाग्यवतींनीं घरीं आल्यावर रात्रीं आम्हांस सांगितलें, आणि नंतर बराच वेळ आम्ही दोघेंहि बोललों नाहीं.

सूनबाई म्हणाल्या, "नियम आहे, मोठ्या आई." नियम ज्यांनीं केला त्या मार्गदर्शिकाबाई क्षणभर विचारांत पडल्या. मग त्यांनीं बारीच्या बाईकडे पाहून विचारलें, "तुम्ही आमच्यांत मोजल्या तर चालेल का?" ती बाई म्हणाली, "सकाळपासून तुमच्या रांगेंतच हाय कीं." अशा रीतीनें नियम न मोडतां वहिनी तिच्या पालांत बसल्या, व सूनबाई शिडी चढून गेल्या. कडकपणा व समजूत यांचा असा मेळ आम्हांस आमच्या उभ्या नोकरींत फार थोड्या हेडमास्तरांत दिसला.

शिखरावर देऊळ अगदीं लहान. आंत एका वेळीं थोडींच माणसें मावतात. दक्षिणेस प्रवरेवरील भंडारदऱ्याचा जलाशय, ज्याचें धरण इ. स. १९२६ मध्यें पुरें झालें, पश्चिमेस अलंग, मदन व कुलंग हे तीन दुर्ग, दूरवर हरिश्चंद्रगड. सौभाग्यवतींस हीं सर्व नांवें आतां पाठ आहेत, व आम्हांस त्या तीं वरचेवर ऐकवितात. सूनबाईंस वर काय दिसलें असें विचारलें, तर त्या एवढेंच म्हणाल्या कीं, वारा फार होता, आणि अर्धा तास आपणांस कोणीं कांहीं मागितलें नाहीं.

इकडे पालांत वहिनींनीं काय केलें? घटकाभर बसल्या, चहा प्याल्या. आणि मग, हातांस संवय लागलेली, म्हणून पुढ्यांतले उष्टे पेले ओढून विसळावयास लागल्या. त्या बाईनें ते त्यांच्या हातांतून काढून घेतले. म्हणाली, "आजी, या डोंगरावर येऊन भांडीं घासायचीं नसत्यात." वहिनींनीं ही हकीकत आतांपर्यंत घरांत निदान वीस वेळां सांगितली असेल, आणि दर वेळीं त्या तितक्याच हंसतात.

उतरतांना मात्र सर्वांचाच कस लागला. चढतांना दम लागतो, परंतु उतरतांना शरीराचा भार प्रत्येक पावलागणिक मांडीच्या पुढच्या स्नायूंनीं व गुडघ्यांनीं तोलून धरावा लागतो. म्हणून पाऊल लहान टाकावें, गुडघा किंचित् वांकवून ठेवावा, व काठी पावलाच्या आधीं खालीं टेकावी, असें त्यांस शिकविलेलें होतें. ज्यांनीं तें ऐकलें त्या दुसरे दिवशीं चालत होत्या. आमच्या सौभाग्यवतींनीं शेवटच्या टप्प्यांत घाई केली, आणि पुढें चार दिवस त्यांचें सर्व आवागमन भिंतीच्या आधारानें चाललें होतें. दुपारीं तीनच्या सुमारास एकोणीस जणी एका रांगेंत खालीं आलेल्या आम्हीं मोजून घेतल्या. दुसऱ्या क्रमांकावर वहिनीच होत्या.

घरीं आल्यावर चुलतबंधूंनीं वहिनींस विचारलें, "मग, शिखर राहिलेंच ना?" वहिनी म्हणाल्या, "हो, राहिलें." एवढें बोलून त्या त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीच्या फेरीची चौकशी करूं लागल्या. ती फेरी सुमारें २० किलोमीटरांची असून तींत शिड्या नाहींत. श्रावणांतील तिसऱ्या सोमवारीं तेथें यात्रेकरूंची अतोनात गर्दी होते, म्हणून तो दिवस टाळून एखादा साधा वार धरावा असें मार्गदर्शिकाबाईंचें म्हणणें पडलें. वहिनींस सोमवारच पाहिजे आहे. हा वाद अद्याप मिटलेला नाहीं. तोंपर्यंत रोज सकाळीं, सहस्रनाम झाल्यावर, वहिनी आमच्या वाड्याच्या माडीचा सतरा पायऱ्यांचा जिना दहा वेळां चढतात व दहा वेळां उतरतात, आणि सूनबाई खालीं उभ्या राहून मोजतात.